हिलालकाकांच्या पुड्या

सोमवारी सकाळी साडेआठला वैशालीच्या अंगात कानबाई आली, असं सगळ्या गल्लीनं ठरवून टाकलं.

खाली छोटा हत्ती टेम्पो उभा होता. झेंडूच्या माळा, टपावर दोन भोंगे, ड्रायव्हर बिडी ओढत. वर पहिल्या मजल्यावरच्या खोलीत चौरंगावर कानबाई देवी बसलेली, नथ घातलेली, चुनरी पांघरलेली. रविवारी रोटांचा नैवेद्य झाला, आरत्या झाल्या, भाऊबंदांची पंगत उठली. आता तिला तापीवर पोचवायचं तेवढं राहिलं होतं. मोठ्या सुनेनं देवीचा पाट डोक्यावर घ्यायचा, हा घरचा नेम. आणि मोठी सून वैशाली उलट्या बादलीवर बसून भिंतीला टेकली होती.

"ऊठ व माय," सासू उषाबाई म्हणाली. "मानसं खाली उभी शेतस."

"आत्याबाई, जरा थांबा. डोळ्यांपुढं अंधारी येतेय."

"येईलच. चार दिस झाले, ताटाला हात नाही लावला तू. एकदम उपाशी राहून बारीक होतं का कुणी? आधी कमी खायचं होतं."

बाजूच्या बाया हसल्या. उषाबाईला त्या हसण्याचं बरं वाटलं, हे लिहून ठेवलं पाहिजे. गेली चार वर्षं हे घर वैशालीच्या अंगाला हसत होतं. लग्नात बावन्न किलोची पोरगी, आता चौऱ्याऐंशी. गाल टम्म, मानेमागं मांसाचा उंचवटा, हात-पाय मात्र काड्या. साड्यांवर टिक्या चिकटवायचं काम घरी यायचं, ते करता करता तिच्या बोटांची पेरं सुजायची. सकाळी तिला कपाची दांडी धरता येत नसे. यावर उषाबाईचं एक वाक्य ठरलेलं होतं: "काम करताना दुखस, खाताना दुखत नही."

वैशाली उठली. पाटाकडे दोन्ही हात नेले आणि गुडघ्यांवर कोसळली. अंबाडा सुटला. दात वाजायला लागले, खांदे थडथडायला लागले.

"उनी! कानबाई उनी!" कुणीतरी ओरडलं.

मग काय विचारता. जिन्यातल्या ढोलवाल्यानं ढोल धरला. बायांनी घेर केला, हळद-कुंकू उधळलं, नारळ फुटला. एकीनं विचारलं, पोराला हिरे-घासणीत नोकरी लागेल का. दुसरीनं विचारलं, जागेचा वाद कधी मिटेल. वैशालीच्या तोंडातून नुसता पांढरा फेस.

कोपऱ्यातून सोनाली किंचाळली. ही उषाबाईची धाकटी लेक, उधन्यातल्या एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करणारी. "अंगात नाही आलं तिच्या! दवाखान्यात न्या!"

"चूप बस," हिलालकाका म्हणाले. शिंदखेड्याकडून खास कानबाईसाठी आलेले उषाबाईचे थोरले दीर, डोक्यावर पांढरी टोपी, सगळ्या भाऊबंदकीत त्यांचा शब्द शेवटचा. "कानबाईचा कौल घेऊ दे. मधी बोलू नये."

उषाबाई पुढं झाली. ज्या सुनेला रोज बोलायची तिच्या पायांवर तिनं डोकं ठेवलं. "माय, काय चुकनं आमनं?" असं म्हणता म्हणता तिचा हात वैशालीच्या पावलाला लागला.

पाऊल गार होतं.

चाळीस वर्षं उषाबाईनं बायांच्या अंगात येताना बघितलं होतं. स्वतःच्या सासूच्या, नणंदेच्या, एकदा स्वतःच्याही. अंगात येतं तेव्हा अंग तापतं, हाताला चटका बसतो. हे पाऊल रात्रभर पाण्यात राहिलेल्या फडक्यासारखं होतं. तिनं पोटरी चाचपली. गार. मान चाचपली. गार, आणि वर घामाचा थर.

"ढोल बंद कर रे," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. मग तिनं हातातलं ताट भिंतीवर फेकलं. "बंद कर म्हणते ना!"

ढोल थांबला.

"ही देवी नाही. माझी सून मरायला लागलीय. गोपाल, उचल तुझ्या बायकोला."

"उषाबाई, पूजेतून असं उठवत नाहीत," हिलालकाका म्हणाले. "आधी कानबाई निघू द्या. मुहूर्त जातो. गाडी पण तिच्यासाठीच सांगितलीय."

उषाबाईनं जन्मात पहिल्यांदा थोरल्या दिराच्या तोंडाकडे सरळ बघितलं. "कानबाई बी बाईच शे, भाऊ. तिले समजस. ती थांबी."

*

उचलणं सोपं नव्हतं. गोपालनं बायकोच्या काखेत हात घातले आणि त्याला कळलं, एकट्यानं होणार नाही. हे वजन तो चार वर्षं चेष्टेत मोजत आला होता. आज पहिल्यांदा हातात घेतलं.

"पोटल्याची चादर आण," तो सोनालीला म्हणाला.

साड्यांची पोटली बांधायची जाड चादर. तिच्यावर वैशालीला निजवलं, चार टोकं चौघांनी धरली. जिन्याच्या वळणावर एकाचा हात सुटला, तिचं डोकं कठड्याला लागलं, आणि खालचा एक भाऊबंद म्हणाला, "भारी शे हां वहिनी." कुणी हसलं नाही तेव्हा तोही गप्प झाला.

छोटा हत्ती निघाला. मागं गोपाल, त्याच्या मांडीवर वैशालीचं डोकं, पायाशी सोनाली आणि उषाबाई. हिलालकाका न बोलावता पुढं ड्रायव्हरशेजारी चढले. घाईत ड्रायव्हर भोंगे बंद करायला विसरला. डिंडोलीच्या मोठ्या रस्त्यावरून कानबाईचं गाणं गर्जत गाडी चालली आणि दोन्ही बाजूंची माणसं हात जोडू लागली. एका दुकानदारानं गाडीला फुलं वाहिली. एक बाई धावत येऊन नारळ ठेवून गेली, थेट वैशालीच्या पोटाजवळ.

"गाणं बंद कर, भडव्या!" गोपाल केबिनच्या काचेवर बुक्क्या मारत होता. ड्रायव्हरला ऐकू जात नव्हतं.

वैशालीनं डोळे अर्धे उघडले. "लोक पाया का पडताहेत?" तिनं विचारलं.

"तुझ्या पडताहेत."

"आज बरं सुचलं," ती म्हणाली आणि तिची मान परत कलंडली.

गोपाल इच्छापोरला कंपनीत ठेकेदाराकडे फिटर होता. मागच्या दिवाळीत तिथले दोघं घरी चहाला आले तेव्हा तो त्यांना म्हणाला होता, "आमच्याकडं एका साडीत दोन बायका आहेत." सगळे हसले. वैशाली पडद्यामागं कप विसळत होती. तिनं ऐकलं हे त्याला माहीत होतं. माहीत असून तो दुसरा जोक सांगायला लागला होता. गाडी उधन्याच्या पुलाखाली अडली तेव्हा ते सगळं त्याला आठवलं. वैशालीचा चेहरा राखेसारखा झाला होता. "ए," तो तिच्या गालावर थापट्या मारत म्हणाला, "ए, मरू नकोस हां. मी अजून काही बोललोच नाहीये तुझ्याशी."

*

डॉक्टरीणबाई गुजराती होत्या, चाळिशीच्या, केसात पेन खोचलेलं. अर्धा वॉर्ड खानदेशी असल्यामुळं त्यांना मोडकी मराठी येत होती. त्यांनी वैशालीचा चेहरा पाहिला, पदर बाजूला करून पोटावरचे जांभळे चट्टे पाहिले, दंडावरचे निळे डाग पाहिले.

"बीपी सत्तर. साखर पण खाली गेलेली. बेन कोणती दवा घेते?"

"काहीच नाही," गोपाल म्हणाला. "बोटं दुखायची त्याच्या गोळ्या गरम पडतात म्हणून बंदच केल्या होत्या. चार वर्षं झाली."

"काहीच नाही असं नाही होत, भाई. हे तोंड मला सांगतंय काहीतरी घेते. आणि आता बंद केलंय. कोण सांगणार? लवकर बोला, मला तेच इंजेक्शन द्यायचंय."

सोनाली पुढं सरकली. तिला माहीत होतं. या खोलीत तिच्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं.

पुड्या. हिलालकाका दर दोन महिन्यांनी गावाकडून आणायचे. गावाबाहेरच्या एका महाराजाची तपकिरी पूड, वर्तमानपत्राच्या चौकोनात बांधलेली, सकाळ-संध्याकाळ मधातून. जडीबुटी, शंभर टक्के देशी, गरम नाही, बाळंतिणीलासुद्धा चालेल. पहिल्या पुडीनंतर दोन दिवसांत वैशालीची बोटं मोकळी झाली होती. ती रडली होती, काकांच्या पाया पडली होती. डॉक्टरच्या गोळीला हे घर घाबरतं आणि कागदात बांधून आलेली कुठलीही पूड गावची म्हणून डोळे मिटून गिळतं, हे सोनालीला लॅबमध्ये रोज दिसत होतं. नऊ दिवसांपूर्वी तिनं फोनवर वाचलं की अशा पुड्यांत स्टिरॉइड कालवतात, त्यानंच तोंड सुजतं, अंग सुटतं. ती धावत वहिनीकडे गेली. तिचं म्हणणं खरं होतं. पण अर्धंच.

"मी सांगितलं," सोनाली म्हणाली. आवाज फाटला. "पुडी घ्यायची ती. देशी म्हणून. मीच म्हटलं तिला, फेकून दे सगळ्या, आजच्या आज. तिनं माझ्यासमोर संडासात ओतल्या. बारीक होणार म्हणून एवढी खूश होती... मॅडम, मला माहीत नव्हतं एकदम सोडायचं नसतं."

"किती दिवस?"

"नऊ."

डॉक्टरीणबाईंनी नर्सकडे वळून भराभर गुजरातीत काहीतरी सांगितलं. नर्स पळाली. मग त्या सोनालीकडे वळल्या. "रड नंतर. तू बोलली म्हणून मला वेळ मिळाला. पुडी आहे कुणाकडे? बघायला?"

कुणाकडे असणार? उषाबाईनं हिलालकाकांकडे पाहिलं. गोपालनंही पाहिलं. काका खिडकीशी उभे होते, टोपी हातात घेऊन.

"महाराज देवमाणूस आहे," ते म्हणाले. "एक रुपया कमावत नाही त्यात. मी वीस घरांना दिल्या पुड्या. वीस."

"काका, आहे का तुमच्याकडे?" गोपाल विचारत नव्हता, दात खात होता. एक पाऊल पुढं गेला तशी उषाबाईनं त्याची बाही धरली.

काकांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला. तीन पुड्या काढल्या. एक उघडलेली होती, अर्धी.

"ही अर्धी कुणाची?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

काकांनी खिडकीच्या उजेडाकडे तोंड वळवलं.

तेव्हा सगळ्यांना एकदम त्यांचे गाल दिसले, वैशालीसारखेच टम्म. त्या गालांना सगळे आजवर गावच्या दुधातुपाचं तेज म्हणत आले होते.

"गुडघे," काका हळूच म्हणाले. "सात वर्षं. आज सकाळची अर्धी घेतली, अर्धी संध्याकाळसाठी."

"वडील, तुम्ही हे बंद करायचं नाही!" डॉक्टरीणबाई ओरडल्याच. "म्हणजे असं नाही, मी सांगेन तसं बंद करायचं. बसा इथं. सिस्टर, यांची पण साखर घ्या. आणि त्या वीस घरांना फोन करा. आज. बसल्या बसल्या."

थोरले दीर, भाऊबंदकीतला शेवटचा शब्द, बाकड्यावर बसले आणि शर्टाची बाही वर करून सोनालीच्याच वयाच्या पोरीपुढं बोट धरलं. टोचल्यावर "आई गं" म्हणाले. उषाबाईला त्या परिस्थितीतही हसू फुटलं. तिनं पदर तोंडाशी नेला.

दुपारी एकला नर्स बाहेर येऊन म्हणाली, बीपी वर आलं, बेन पाणी मागतेय. गोपाल भिंतीला पाठ लावून खाली घसरला आणि फरशीवर बसून राहिला. काकांचं फोन करणं चालूच होतं. "हां, मी हिलाल. ऐक, पुडी टाकू नको. घेऊ पण नको मनानं. दवाखान्यात जा. हो, माझंच चुकलं. चुकलं म्हणतो ना!" शेवटचा फोन संपल्यावर ते उठले, रिक्षा केली, घरी गेले आणि ढोल नाही, भोंगे नाहीत, अशी एकट्यानं कानबाई तापीवर पोचवून आले. आजवर बाप्यानं पाट डोक्यावर घेतल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. कुणी विचारलंही नाही.

*

मंगळवारी सकाळी वैशालीला जाग आली तेव्हा पहिली गोष्ट कळली ती ही, की बोटं दुखताहेत. दुखणं ओळखीचं होतं. ती जिवंत होती तर.

पलंगाभोवती सगळे उभे. सोनालीचे डोळे सुजलेले. गोपाल दाढी न केलेला. काका मागं, दाराच्या आडोशाला. आणि सासरे, दगाबाबा, जेवणाचा डबा घेऊन आत्ताच आलेले. आयुष्य लूमच्या खडखडाटात गेलं, कान तिथंच ठेवून आले. माणसांच्या तोंडाकडे बघून अंदाजानं मान हलवायचे.

डॉक्टरीणबाई आल्या. स्टूल ओढून बसल्या. "बघ बेन, तुला संधिवात आहे. रक्ताच्या रिपोर्टात आलंय. याची खरी दवा वेगळी असते, ती सुरू करू. दुखणं पूर्ण जाणार असं मी खोटं नाही सांगत. आटोक्यात राहील. पुडीतलं जे होतं ते मी गोळीनं देईन, दर आठवड्याला थोडं थोडं कमी. वजन पण उतरेल. हळूहळू. वर्ष लागेल, जास्त लागेल."

"मॅडम," वैशाली म्हणाली. जीभ जड होती. एक गोष्ट तिनं चार वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. आता सांगायची वेळ होती, कारण नंतर धीर झाला नसता. "मी खायचे. हे लोक म्हणतात ते खोटं नाही. सगळ्यांसमोर एक भाकरी खायचे आणि मग मोरीत जाऊन गूळ खायचे. टोस्ट खायचे. कच्चं पीठसुद्धा खाल्लंय. पोट भरायचंच नाही. मला वाटायचं माझ्यात काहीतरी घाण आहे."

"ती भूक पण पुडीची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"काय?"

"औषधच भूक लावतं. अशी भूक की माणूस झोपेतून उठून खातो. आणि खाल्लं नाही तरी अंगावर पाणी धरतं, चरबी इथं चढवतं, इथं, मानेमागं. मी ती पुडी खात असते तर मी पण मोरीत बसून गूळ खाल्ला असता. तुझा दोष नाही."

वैशालीच्या छातीतून काहीतरी निघून गेलं. रडू नव्हे. कमरेला बांधलेली गाठ कुणीतरी मागून सोडावी आणि पोट आपोआप श्वास घ्यायला लागावं, तसं. तिनं लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला. भूक पण तिची नव्हती. मोरीतल्या अंधारात जिची तिला किळस यायची ती बाई तीच होती, आणि त्या बाईनं काही केलं नव्हतं.

"मॅडम, एकदा परत सांगता? जोरात. आमच्या बाबांना ऐकू येत नाही."

डॉक्टरीणबाईंनी दगाबाबांकडे पाहिलं. मग उषाबाईकडे, गोपालकडे. त्यांना सगळं समजलं असावं. बायांचा वॉर्ड चालवणारीला समजतंच. त्या उठून उभ्या राहिल्या, दगाबाबांच्या कानाशी वाकल्या आणि सगळा वॉर्ड दणाणेल अशा आवाजात ओरडल्या:

"हिनं खाऊन वजन वाढवलं नाही! दवाईनं वाढवलं! हिचा काही दोष नाही!"

पलीकडच्या खाटेवरची गुजराती म्हातारी उठून बसली. "कोनो वांक नथी?" तिनं विचारलं, म्हणजे कोणाचा दोष नाही.

"एनो वांक नथी, बा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"ते हुं क्यारनी कहुं छुं," म्हातारी म्हणाली, हे तर मी केव्हाची सांगतेय. तिचा या घराशी काडीचा संबंध नव्हता. वैशाली हसायला लागली. हसताना बरगड्या दुखल्या तरी हसतच राहिली. मग सोनाली हसली. दगाबाबांनी या वेळी अंदाजानं मान हलवली नाही. ते सुनेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, स्वतःला ऐकू येत नसल्यामुळं तेही ओरडतच, "मी तर कधी काही बोललो नव्हतो तुला!"

"तुम्ही नाही बोललात, बाबा," वैशाली म्हणाली. "बाकीचे बोलले."

डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे गेल्या. गोपाल पुढं आला, तोंड उघडलं, "वैशाली, झालं ते झालं, आता आपण..."

"झालं नाही."

"आत्ता आराम कर. घरी गेल्यावर बोलू."

"घरी गेल्यावर तुम्ही कामावर जाल आणि आत्याबाई देवळात. इथंच. मला आज सुट्टी नाही मिळायची, तुम्हीही कुठं जाऊ नका." तिनं उशीवर कोपर टेकून अंग वर ओढलं. दुखलं, तोंड वाकडं झालं, पण मदतीला आलेला गोपालचा हात तिनं बाजूला केला. "चार वर्षांचं आहे. मला सगळं आठवतंय, कोण कधी काय बोललं. एकेक सांगणार आहे. मधे कुणी बोलायचं नाही, आणि कुणी रडायचं नाही. सोनाली, तूसुद्धा नाही. तू मला मारलं नाहीस. तू एकटीनंच विचारलं होतंस मला काय होतंय. बसा सगळे."

बसायला स्टूल एकच होतं. हिलालकाका दारातून आत आले आणि भिंतीशी टेकले. गोपाल खाटेच्या पायाशी उभा राहिला, नजर खाली. उषाबाईनं स्टुलाकडे बघितलंसुद्धा नाही. ती फरशीवर खाली बसली, मांडी घातली, पदर नीट केला आणि सुनेकडे तोंड वर केलं.

"मन्हापासून सुरू कर," स्वतःच्या छातीवर बोट ठेवून ती म्हणाली.